आतून घेतलेलं माप

खिडक्या-दारांच्या धंद्यात पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवतात: माप घ्यायचं ते बाहेर उभं राहून. दार डाव्या हाताचं की उजव्या, हे रस्त्यावरून ठरतं. दाराकडे तोंड करून उभं राहायचं. बिजागऱ्या डावीकडे आल्या तर दार डावं, उजवीकडे आल्या तर उजवं. तेच आत जाऊन बघितलं की सगळं उलटं. म्हणून कागदावर नुसतं ‘डावं’ लिहिलं तरी चालतं. कुठं उभं राहून लिहिलं, हे वर्कशॉपात कोणी विचारत नाही. बाहेरूनच लिहिलं असणार, आणखी कुठून?

मापवालीनं अकरा वर्षांत हा नियम एकदाही मोडला नव्हता. वर्कशॉपात तिला सगळे मापवालीच म्हणत, आणि तिच्या नवऱ्याला मिस्तरी. ती घरोघर जाऊन मापं आणायची, तो त्या मापाच्या खिडक्या-दारं नेऊन बसवायचा. तिच्या मापावर त्याचा असा भरवसा, की चौकट टेम्पोतून उतरवताना तो टेपला हातसुद्धा लावत नसे. “बायकोनं मोजलंय,” म्हणायचा, “एक वेळ भिंत चुकेल, माप नाही चुकायचं.”

आणि आता दोघांनी मिळून स्वतःचं घर घेतलं होतं.

एकाला एक चिकटलेल्या बारा घरांची ती जुनी ओळ. खाली पुढची खोली आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, मागं हातरुमालाएवढं अंगण आणि त्याच्यामागं बोळ. घरं जोडीजोडीनं बांधलेली. आत शिरल्यावर यांचा जिना उजव्या हाताला, तर जोडीच्या घराचा डाव्या; दोन्ही जिने एकाच सामाईक भिंतीला लागून, भिंतीच्या दोन अंगांना. ते जोडीचं घर कित्येक वर्षं कुलूपबंद होतं. यांच्या घराचंही वय झालं होतं, पण हाडं शाबूत होती. कुजल्या होत्या त्या फक्त पाच खिडक्या आणि दोन दारं. फटींतून वारा यायचा, ओल यायची आणि मुख्य म्हणजे धूळ यायची.

धुळीचंच तर सगळं दुखणं होतं. त्यांची लेक सात वर्षांची. गाल भरून खायची आणि सरसर पळायची, म्हणून तिला खारू म्हणायचे. आजवर बिऱ्हाड वर्कशॉपच्या माडीवरच्या एका खोलीत होतं. खाली करवत चालली की वर भुसा. पोर खोकून खोकून अर्धी झाली, तेव्हा मापवालीचे वडील, आबा, तिला आपल्याकडे घेऊन गेले. चार महिन्यांसाठी म्हणून नेलं, त्याला दोन वर्षं झाली. दर रविवारी फोनवर खारूचा एकच प्रश्न असायचा, आई, घर झालं? घर घेतल्याचं कळवल्यावर मात्र आबांनी बजावलं, “घेतलं ते ठीक, पण आधी त्या खिडक्या बदला. मी स्वतः येऊन बघणार. एक जरी भोक उघडं दिसलं ना, पोरीला आल्या पावली परत नेईन. तिचा श्वास म्हणजे काही गंमत नाही.”

आज दुपारी चार वाजता आबा खारूला घेऊन येणार होते. सगळं नीट असलं तर कायमची.

आता अशा दिवशी कोणाचा पाय जमिनीवर राहील? मिस्तरी उजाडताच पहार घेऊन तयार. खरं तर त्याचाही एक नियम होता: नवं तपासल्याशिवाय जुनं काढायचं नाही. हा नियम त्यानं कितीतरी जणांना दरडावून शिकवला होता. पण टेम्पो नऊला येणार होता आणि याचे हात साडेसहापासून शिवशिवत होते.

“काढायला घेऊ?” त्यानं विचारलं.

“घ्या की. माप कोणाचं आहे?”

“मग झालंच तर.”

जुनी लाकडं इतकी भुसभुशीत, की पहार लावायचा अवकाश, चौकट भिंतीतून दातासारखी सुटून यायची. दोन तासांत पाचही खिडक्या आणि पुढचं दार जमिनीवर. गल्लीतून भंगारवाला चालला होता, त्यानं सगळं गाड्यावर रचून नेलंसुद्धा. घर आरपार झालं. पुढून आलेला वारा मागून निघून जात होता, वरच्या खोलीत ऊन थेट जमिनीवर पडलं होतं, आणि दोघं पुढच्या खोलीत धुळीनं पांढरीफटक होऊन उभी होती. “उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग,” ती म्हणाली. “आणि बायको? तिनं काय कमी घाई केली?” तो म्हणाला. एवढं हसू त्यांना कित्येक महिन्यांत आलं नव्हतं.

टेम्पो आला. मिस्तरीनं पहिली चौकट उतरवून भिंतीला टेकवली, तिच्यावरची चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली. मग दुसरी उतरवली. मग तिसरी.

“अगं, इकडं ये जरा. आपलं दार कुठल्या हाताचं?”

“डाव्या.”

“हे उजवं आहे. खिडक्याही उलट्या आहेत. सगळ्या.”

तिनं कंबरेची वही काढली. पान उघडलं. तिच्याच अक्षरात, ठळक, खाली रेघ ओढून लिहिलं होतं: उजवं. आणि तिला तो दिवस आठवला. किल्ली मिळाली तो दिवस. ती दार उघडून आत गेली होती, पुढच्या खोलीच्या मधोमध उभी राहिली होती आणि तिथूनच सगळी मापं घेतली होती. अकरा वर्षं लोकांच्या घरांची मापं घेताना तिला रस्त्यावर उभं राहावं लागलं होतं. आपल्या घराचं माप घेताना बाहेर जायचं तिच्या मनातच आलं नाही.

नवीन दारं-खिडक्या करून यायला तीन आठवडे. जुनी गाड्यावरून गेलेली. आणि चार वाजता आबा.

“रडायचं नाही,” मिस्तरी म्हणाला. “अकरा वर्षांत एक चूक, तीही स्वतःच्या घरात. याला म्हणतात दिव्याखाली अंधार. खिडकी उलट्या अंगानं उघडली म्हणून हवा काय उलटी येणार आहे? माप तर बरोबर आहे ना? बसवून टाकू.”

“आणि दार? ते जिन्यावर आपटेल.”

“आपटू दे. रबराचा ठोकळा लावू. चल, पाचरींची पिशवी आण.”

पाचरी म्हणजे लाकडाच्या चपट्या चिपा. जुन्या घरात एकही भोक काटकोनात नसतं. भिंती बसतात, कलतात, आणि नवी चौकट मात्र सरळ. मग मधल्या कमीजास्त फटींत पाचरी ठोकून चौकट ताठ करायची. या घराच्या भिंती तर चांगल्याच कललेल्या. वहीत मापवालीनं प्रत्येक भोकाचे दोन्ही कर्ण लिहिले होते. एक दुसऱ्यापेक्षा नऊ मिलिमीटरनं मोठा. म्हणून ती पिशवीभर पाचरी कापून बसली होती.

पुढच्या खोलीच्या खिडकीची चौकट दोघांनी उचलली, भोकात टेकवली आणि आत लोटली. ती सरकली आणि बसली. मिस्तरीनं लेव्हल लावली. बुडबुडा अगदी मधे. चारी बाजूंनी फट सारखी, नखाएवढी. त्यानं चौकट हलवून बघितली. ती हलेना.

“पाचर?” तिनं विचारलं.

“कुठं घालू?” तो म्हणाला. “जागाच नाही.”

दुसरी तशीच बसली. वरच्या दोन्ही तशाच. मिस्तरी आधी बुचकळ्यात पडला, मग खुलला, मग शीळ घालायला लागला. वीस वर्षांच्या कामात असं कधी झालं नव्हतं. कारागिराला याहून मोठं सुख नाही. चौकट भिंतीत अशी जात होती, जशी भिंत तिची वाटच बघत होती. नवी झडप लावली की खोली एकदम शांत व्हायची, गल्लीतला आवाज कापून टाकल्यासारखा थांबायचा. वरची मागची खोली खारूची. तिथली काच बसली तेव्हा मापवालीनं खिडकी बंद केली, उघडली, पुन्हा बंद केली. आनंद पोटात मावेना. या खोलीत पोर निजेल आणि धुळीचा कण आत येणार नाही.

बाहेर पडताना तिनं सवयीनं दिव्याच्या बटणाकडे हात नेला. हाताला नुसती भिंत लागली. बटण दाराच्या दुसऱ्या अंगाला होतं. घर घेऊन महिनासुद्धा झाला नव्हता, हाताला अजून ओळख कुठली, असं ती मनाशी म्हणाली.

स्वयंपाकघराची खिडकी तेवढी राहिली होती. ती बसवण्याआधी तिनं एकटीनंच तिथल्या रिकाम्या भोकाचे कर्ण पुन्हा मोजले. दोन्ही आकडे वहीतलेच होते, मिलिमीटरला मिलिमीटर. फक्त वहीत जो कर्ण मोठा होता तो इथं लहान होता, आणि लहान होता तो मोठा. घर डावीकडे कलल्याचं तिनं लिहिलं होतं. ते उजवीकडे कललेलं होतं. पण त्या दिवशी आत उभं राहून लिहिताना तिनं सवयीनं बाजू उलटवल्या होत्या की नव्हत्या? त्या वहीतल्या कुठल्या डाव्या-उजव्यावर आता विश्वास ठेवायचा? तिनं वही मिटली आणि कंबरेला खोचली.

एकच्या सुमाराला समोरच्या बाई चहाचा थर्मास घेऊन आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, दिवसभर आपल्या दारात खुर्ची टाकून बसणाऱ्या. पुढच्या दाराच्या मोकळ्या भोकापाशी उभ्या राहून त्यांनी कौतुकानं सगळं न्याहाळलं.

“मानलं हो तुमच्या हाताला,” त्या म्हणाल्या. “एका दिवसात दोन्ही घरं.”

“दोन्ही कुठली बाई, हे एकच आमचं.”

“आणि ते जोडीचं? तिथंही सकाळपासून एक बाई टेप लावतेय की. मी म्हटलं तुमची बहीण असेल. चेहरा अगदी तुमचाच.”

मापवालीनं भोकातून बाहेर डोकावून बघितलं. जोडीच्या घराच्या दाराला तेच गंजलेलं कुलूप, कडीवर तेच जाळं, खिडक्यांच्या काचांवर बोटभर धूळ.

“तिथं कोणी नाही हो.”

बाई बराच वेळ तिकडं बघत राहिल्या. “आत गेली असेल,” त्या म्हणाल्या आणि चहा ठेवून निघून गेल्या.

“उन्हात बसतात दिवसभर,” मिस्तरी म्हणाला. “डोळ्यांपुढं काहीही दिसणार.” चहा मात्र झकास होता.

दोन वाजता दार लावायला घेतलं. चौकट पुन्हा तशीच, लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. दार बिजागऱ्यांवर चढवलं. आता ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर आपटणार म्हणून मिस्तरी रबराचा ठोकळा हातात घेऊन वाकला, आणि मापवालीनं दार हळूच ओढलं.

दार पूर्ण उघडलं आणि भिंतीला अलगद टेकलं. मधे जिना आलाच नाही.

जिना खोलीच्या दुसऱ्या बाजूला होता.

कठडा, पायऱ्या, जिन्याखालचं कपाट, सगळं जागच्या जागी, नुसती जागा दुसरी. मग मिस्तरी मोठ्यानं हसला.

“अगं वेडे, म्हणजे तुझं माप चुकलंच नव्हतं. दार उजवंच हवं होतं.”

“जिना आत येताना उजव्या हाताला होता.”

“असं तुला वाटत होतं. मलाही वाटत होतं म्हणा. पण घरात आपण आलोय किती वेळा? चार, पाच?”

तिनं फोन काढला. त्यात घराचा एकच फोटो होता, किल्ली मिळाल्याच्या दिवशी आत उभं राहून दोघांनी काढलेला सेल्फी. मागं जिना दिसत होता. पण या फोनचे सेल्फी उलटे यायचे, दुकानाच्या पाटीवरची अक्षरंसुद्धा उलटी यायची. की मधे कधीतरी ते सेटिंग बदललं होतं? वही आतून लिहिलेली, फोटो आतून काढलेला. घर मुळात कसं होतं हे सांगणारं तिच्याजवळ काहीच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तिला ते फार उकरायचंही नव्हतं. सगळं बसलं होतं. चार वाजायला जेमतेम दीड तास होता. चुकलेलं माप घरानंच सांभाळून घेतलं असेल तर आपण कशाला तक्रार करायची?

“फटी बुजवायची सीलंटची गन टेम्पोत राहिली,” मिस्तरी म्हणाला. त्यानं नवं दार उघडलं, बाहेर गेला, दार ओढून घेतलं. दार इतक्या मऊपणानं बंद झालं की तिनं मान डोलावली. मिनिटाभरात तो परत आला.

“तरी पण नवलच आहे,” ती म्हणाली. “जिन्याचं.”

“काय जिन्याचं?”

“हेच, इकडं आला ते.”

तो जिन्याकडं बघून तिच्याकडं बघायला लागला. “कुठं आला? होता तिथंच आहे की.” आणि गुणगुणत तो चौकटीच्या कडेनं सीलंटची रेघ ओढायला लागला. रेघ सुरेख येत होती, एका दमात, कुठं फुगवटा नाही. ती ती रेघच बघत होती. गन त्यानं डाव्या हातात धरली आहे हे तिला रेघ संपत आल्यावर दिसलं.

“हात दुखतोय का उजवा?”

“नाही. का?”

ती मागच्या दाराकडं वळली.

मागचं दार शेवटचं. तीन वाजता त्यांनी जुनं काढलं आणि अंगणाकडचं भोक मोकळं झालं. मिस्तरी तिथं चौकटीला स्क्रू लावत बसला. मापवाली केरसुणी घेऊन जिना झाडायला गेली. वरून चौथ्या पायरीवर असताना तिला भिंतीतून आवाज आला. सर्र, आणि मग टक. टेप मिटताना होतो तो. दिवसातून शंभर वेळा ऐकलेला आवाज, तिची स्वतःची टेप कंबरेला होती. सामाईक भिंतीवर तिनं तळवा ठेवला. पलीकडे कोणीतरी जिना झाडत होतं. ती थांबली की तिकडंही थांबत होतं.

जुन्या भिंती पोकळ असतात, आवाज फिरून येतो. हे तिनं स्वतः कितीतरी गिऱ्हाइकांना समजावून सांगितलं होतं. तिनं उरलेल्या पायऱ्या भराभर झाडल्या.

चारला दहा कमी असताना गल्लीत रिक्षा थांबल्याचा आवाज आला. नव्या काचांतून तो अगदी बारीक ऐकू आला, आणि त्याच्यामागून त्याहून बारीक, “आई.”

दोन वर्षं. मापवालीच्या हातातून केरसुणी पडली. मिस्तरी मागच्या दारापासून उठला, हात पुसत, हसत तिच्या जवळून पुढं गेला. “आलो, आलो,” म्हणाला.

आणि ती पाहतच राहिली. तिनं सकाळी स्वतः त्याच्या शर्टाच्या खिशात पेन्सिल खोचून दिली होती. ती पेन्सिल अजून खिशात होती. खिसा उजव्या बाजूला होता.

शर्टाची बटणं बायकांच्या झग्यासारखी उलट्या बाजूनं लागली होती. घड्याळ उजव्या मनगटावर होतं.

तो दिवसभर असा नव्हता. त्या दारातून बाहेर जाऊन आत येईपर्यंत नव्हता.

ती स्वतः अजून त्या दारातून गेली नव्हती.

खारूनं त्या दारातून यायला नको. एवढा एकच विचार तिच्या डोक्यात उरला. पुढं हाक मारून उपयोग नव्हता, नव्या दारातून आवाज बाहेर जात नव्हता. ती मागं वळली आणि मागच्या अर्धवट चौकटीतून अंगणात, अंगणातून बोळात धावली. बोळ ओळीच्या टोकाला जाऊन वळत होता. सात घरं. तिनं पायातल्या चपला टाकून दिल्या.

गल्लीत आली तेव्हा तिला धाप लागली होती. घराचं दार सताड उघडं होतं. रिक्षा निघून गेली होती. आबा उंबरठ्याच्या आत उभे राहून चौकटीवरून बोट फिरवत होते, आणि पायरीवर खारू उभी होती. उंच झाली होती. दोन्ही गाल तसेच.

“आई, तू बाहेर कशी? मी सगळं घर बघून आले. माझी खोली पण बघितली. बाबांनी दाखवली.”

आणि ती पायरीवरून उडी मारून तिच्या अंगावर आली.

मापवाली रस्त्यातच गुडघ्यांवर बसली. तिनं लेकीला छातीशी घट्ट धरलं. केसांना तोच वास, मानेला तीच ऊब. खोकला नाही, घरघर नाही; पळून पळून काळीज मात्र धाडधाड उडत होतं.

ते तिला लागत होतं.

पोरीला पोटाशी धरलं की तिचे ठोके आपल्या उजव्या अंगाला लागतात, हे आईला सांगावं लागत नाही. तान्ही होती तेव्हापासून तिथंच लागायचे. आता ते डावीकडे पडत होते, तिच्या स्वतःच्या काळजावर, बरोबर त्याच जागी. दोन ठोके एकमेकांवर आपटत होते.

तिनं डोळे मिटले. सोडून द्यायचं हिला? आणि मग कोणाकडं मागायची दुसरी? आबांना सांगायचं, ही नव्हे, आमची आणून द्या? गळ्याभोवती हात होते. दोन वर्षांचे रविवार फोनवर गेले होते. त्यातल्या एकाही रविवारी हे हात नव्हते.

“चल ना आत,” खारू म्हणाली. “सगळे आत आहेत. तू एकटीच बाहेर.”

आणि मापवाली उठली. तिचा हात धरून पायरी चढली आणि दारातून आत गेली.

जिना उजव्या हाताला होता.

खरंच होता, होता तिथंच, कठडा, पायऱ्या, खालचं कपाट. तिनं हात नेला आणि दिव्याचं बटण नेमकं बोटाखाली आलं. मिस्तरी खिशातून पेन्सिल काढत होता, डावीकडच्या खिशातून, आणि हसत होता. ती पहिल्या पायरीवरच बसली आणि तिनं खारूला मांडीवर ओढून पुन्हा छातीशी धरलं. ठोके उजवीकडे लागले. जिथं लागायला हवेत तिथं. तिला हसू आणि रडू एकदमच आलं. दिवसभराची दगदग, उपाशी पोट, डोकं फिरणारच माणसाचं. सगळं नीट होतं. सगळी घरात होती.

आबांनी घरभर फिरून एकेक खिडकी लावून बघितली. मागच्या दाराशी मिस्तरीनं शेवटचा स्क्रू पिळला आणि दार बंद केलं.

“एक भोक नाही,” आबा म्हणाले. त्यांचा आवाज जरा कापरा झाला होता. “जिंकलीस बाई. ठेव तुझी लेक.”

घर आता पूर्ण बंद झालं होतं. गल्ली नाही, वारा नाही, इतकं शांत की आबा खुर्चीत बसल्याचा आवाजही मोठा वाटला. खारू आईच्या खांद्यावर गाल टेकून बसली होती. आईची पाठ सामाईक भिंतीला टेकलेली होती.

भिंतीच्या पलीकडे कोणाची तरी पावलं जिना चढून गेली. हलकी, सरसर पळणारी. वर दोन खोल्यांतून फिरली. खाली आली. मागच्या बाजूला गेली, परत पुढं आली.

“आई,” पलीकडून खारूचा आवाज आला. “आई, कुठं गेलीस?”

आबांनी मान वर केली नाही. मिस्तरी हत्यारं पेटीत भरत होता.

पावलं पुन्हा जिना चढायला लागली, आता सावकाश, एकेक पायरी थांबत. मधेच खोकल्याची उबळ आली, बराच वेळ चालली, थांबली. आणि मग अगदी भिंतीला तोंड लावल्यासारखी, जवळून, पुन्हा तीच हाक.

मापवालीनं मान वळवली. मांडीवरची खारू जागी होती आणि तिच्याकडंच बघत होती. तिनंही ऐकलं होतं. तिनं आपला छोटासा गरम तळवा उचलला आणि आईच्या भिंतीकडच्या कानावर हळूच ठेवला.